पहिल्या वर्गाचा गोलकीपर

स्तामेन काराजोवची नोकरीची वही लोणच्याच्या पाण्यात भिजली आणि तिच्यातली नेमकी पंधरा वर्षे धुऊन निघाली.

शहाण्या माणसाची वही कपाटात, कुलपात असते. स्तामेनची तळघरात होती, फुटबॉलच्या जुन्या फोटोंबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यात. वरच्या फळीवर त्याच्या बायकोने, त्सोंकाने, हिवाळ्यासाठी भरलेल्या फ्लॉवर-गाजराच्या बरण्या होत्या. एका बरणीचे झाकण नीट बसले नव्हते. तिच्यातले व्हिनेगर-मिठाचे पाणी महिनाभर थेंब थेंब खोक्यात गळत राहिले. फोटोंना काही झाले नाही. फोटोत स्तामेन अजूनही काळी जर्सी घालून, चेंडू छातीशी धरून, केसांना तेल लावून हसत होता. वहीत मात्र १९६६ ते १९८१ या ओळींच्या जागी एक जांभळा ढग उरला होता.

"झाकण कुणी लावलं होतं हे?" तो वही नाचवत वर आला.

"तूच," त्सोंका म्हणाली. "मी म्हटलं होतं घट्ट लाव. तुला काय, लोणचंसुद्धा अडवता येत नाही."

हे स्तामेनला वर्मी लागले. का, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन पेन्शन कचेरीत गेला. खिडकीमागच्या मुलीने वही उघडली, नाकाशी नेली आणि लांब धरली.

"काका, यात शिक्का आहे आणि फ्लॉवरचा वास आहे. नोकरी कुठाय?"

"ओतकामाचा कारखाना. भट्टीवाला. पहिला वर्ग."

"तसं लिहिलेलं हवं ना. पहिल्या वर्गाची पंधरा वर्षं असतील तर तुम्ही आजच पेन्शनीत. नसतील तर तिसरा वर्ग, मग सात वर्षांनी या. मी असेन इथंच, मला तर अजून तीस वर्षं आहेत."

पहिला वर्ग म्हणजे खाणीतले आणि भट्टीवरचे. त्यांची फुप्फुसे लवकर संपतात म्हणून त्यांची पेन्शन लवकर सुरू होते. तिसरा वर्ग म्हणजे बाकीची सगळी जनता. जुन्या कम्युनिस्ट राज्यातला हा एक शहाणा नियम नव्या कायद्यातही टिकला होता, फक्त आता त्याला पुरावा लागत होता. तिजोरीत खडखडाट होता. परदेशातून टायवाले सल्लागार येऊन तक्ता मांडून गेले होते की एका कमावत्याच्या पाठीवर एक म्हातारा बसला आहे. उपाय काय, तर म्हाताऱ्याला उशिरा बसवा. ज्यांनी कारखाने मातीमोल विकले त्यांच्याकडे कुणी पुरावा मागितला नाही. आमचा कारखाना एका सद्गृहस्थाने राजधानी सोफियातल्या दोन खोल्यांच्या किमतीत घेतला आणि भट्टी भंगारात विकली. हजेरीपत्रके पहारेकऱ्याच्या शेगडीत दोन हिवाळे जळली. आणि आता तेच सरकार खिडकीमागून विचारत होते, भट्टी होती याला पुरावा काय?

"कागद नसतील तर कोर्टात जा, काका," मुलगी म्हणाली. "दोन साक्षीदार न्या. तुमच्याबरोबर, त्याच जागी, त्याच वर्षी काम केलेले. कोर्टाने मान्य केलं की आम्ही डोळे मिटून मान्य करतो."

सरळ काम होते. अडचण एकच होती. स्तामेन जन्मात कधी भट्टीवर उभा राहिला नव्हता.

तो गोलकीपर होता.

त्या काळी आमच्या देशात धंदेवाईक खेळाडू नव्हते. ते पाप फक्त भांडवलशहांकडे होते. आमच्याकडे कामगार होते, जे फावल्या वेळात फुटबॉल खेळत. फावला वेळ सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि संध्याकाळी पाचला संपायचा. कारखान्याच्या संघातले अठराच्या अठरा जण भट्टीच्या पटावर होते, कारण भट्टीचा पगार सगळ्यात जास्त. महिन्यातून एकदा पगाराला यायचे, आणि भट्टीवरच्यांना धुरावर उतारा म्हणून रोज फुकट मिळणारे दही न्यायला मात्र रोज यायचे. आयत्या बिळावर अठरा नागोबा.

आता बिळे मोजकी होती. भट्टीच्या पटावर जितक्या जागा वरून मंजूर, तितक्याच. अठरा जागा संघाने खाल्ल्यावर जे खरोखर भट्टीवर राबत, त्यांतल्या काहींना कुठेतरी दुसरीकडे लिहावे लागले. त्सोंका एकोणीस वर्षे भट्टीच्या बरोबर डोक्यावर क्रेन चालवत होती. खालचा सगळा धूर आधी तिच्या केबिनमध्ये यायचा आणि मग आकाशात जायचा. तिच्या वहीत लिहिले होते: 'कोठारातील मदतनीस. तिसरा वर्ग.' एकदा ती कामगारखात्याच्या साहेबाकडे तक्रार घेऊन गेली होती. साहेब म्हणाला, "कॉम्रेड, यंदा संघ वरच्या गटात जातोय. जरा दम धरा." तिने दम धरला. संघ वर गेला नाही.

तेव्हा नवरा-बायकोपैकी एकाने भट्टी पाहिली होती आणि दुसऱ्याच्या नावावर ती होती. लग्नात असे चालते.

त्सोंका आता एका ग्रीक मालकाच्या शिवणकारखान्यात दहा-दहा तास बाह्या शिवत होती. रोज चारशे बाह्या. डोळे इतके अधू झाले होते की सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घ्यायची. स्तामेन एका गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून राखणदारी करायचा. ते गॅरेजही उन्हाळ्यात बंद पडले होते.

"तुझी पेन्शन आली," त्सोंका म्हणाली, "की दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रीकाच्या तोंडावर कात्री टाकणार. माझी सोय तुझ्या वर्गात आहे. म्हणून शिकवते. कान उघडे ठेव."

सप्टेंबर होता. अख्खी इमारत अंगणात उतरून हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत होती. मिरच्या भाजायचे आमचे यंत्र म्हणजे विजेवरची उभी नळी, वर भोक, भोकावर झाकण. त्सोंकाने ते नवऱ्यासमोर ठेवले.

"ही भट्टी. समज, तीन मजली आहे. तळाला वाळू ठोकायची. त्यावर लाकडं, लाकडांवर कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा. कोक लाल झाला की वरच्या तोंडातून एक थर लोखंड, एक थर कोक, मधे चुनखडी. चुनखडी कशाला?"

"रंगाला."

"मळी वेगळी व्हायला! पुन्हा सांग."

तीन आठवडे असे चालले. एका हाताने ती मिरची नळीत उभी सोडायची, दुसऱ्याने झाकण ठेवायची आणि तोंडाने भट्टी शिकवायची. तळाच्या भोकाला मातीचे बूच असते, ते पहारीने फोडले की लोखंड वाहते, मग ओल्या मातीचा गोळा काठीच्या टोकाला लावून भोक पुन्हा बंद करायचे, लोखंड झेलायची पळी आधी तापवून कोरडी करायची. स्तामेन मान हलवत भाजलेल्या मिरच्या सोलत होता. साठ बरण्या भरल्या. धडा पाठ झाला असे दोघांनाही वाटले.

साक्षीदारांचा प्रश्न होता. त्याच जागी, त्याच वर्षी काम केलेले हवेत. त्या वर्षी भट्टीच्या पटावर कोण? संघ! पहिला साक्षीदार म्हणून वल्चो तयार झाला. तो संघाचा डावा बचावपटू, आता टपरीवर सिगारेटी विकायचा.

"एवढंच ना? सांगेन की," वल्चो म्हणाला. "आपण काय एकमेकांना ओळखत नाही?"

"भट्टीबद्दल विचारतील."

"मी चार हजार लोकांसमोर खेळलोय, बाबा. एक न्यायाधीश काय करणार मला?"

दुसरा साक्षीदार म्हणून त्सोंकाने दोब्री आजोबांना गाठले. ते खरेखुरे भट्टीवाले. भट्टीच्या पंख्याच्या आवाजाने कान गेले होते, पण पटावरचे जे खरोखर राबत, त्यांच्यातली ती एकमेव जिवंत सही.

"तुम्ही स्तामेनला ओळखता ना, आजोबा?" ती त्यांच्या कानात ओरडली.

"ओळखतो की! त्याला कोण विसरेल?"

तिला वाटले, झाले काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कोर्टाची खोली थंड होती. वर न्यायाधीश बाई, कोट घालूनच बसलेल्या. समोर पेन्शन कचेरीचा वकील, पोरसवदा, आणि त्याला फाइल वाचून येण्याची वाईट सवय होती. त्सोंका मागच्या बाकावर बसली. मालकाकडून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती, दोनशे बाह्यांच्या बोलीवर.

बाईंनी आधी वल्चोला बजावले, "खोटी साक्ष दिली तर तुरुंग आहे. कळलं?"

वल्चोचा रंग उतरला. चार हजार लोकांनी त्याला ही धमकी कधी दिली नव्हती.

"अर्जदाराचं काम कसं होतं?" वकिलाने विचारले.

"फार चांगलं. उंच चेंडू तर असे घ्यायचा, साहेब, की बस!"

"कसले चेंडू?"

वल्चोने खिडकीकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे.

"लोखंडाचे," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि वल्चोला बसायला सांगितले. मग दोब्री आजोबा उभे राहिले. प्रश्न त्यांना तीनदा ओरडून सांगावा लागला.

"स्तामेन?" आजोबा म्हणाले. "पाहिला की भट्टीवर. एकदा. त्र्याहत्तर साली. सिगारेट पेटवायला आला होता."

"फक्त एकदा?"

"काय?"

"एकदाच का?"

"दोनदा कशाला येईल? दही खालीच मिळायचं. माझ्या वाट्याचं दही पंधरा वर्षं यांनी खाल्लं, बाई. लिहून घ्या ते. आणि सामना तरी जिंकायचा! शहात्तर सालचा चषक, शेवटचं मिनिट, चेंडू असा सरपटत आला, म्हातारीनं पायानं थांबवला असता. याच्या दोन पायांमधून गेला! खालचे सोडतो हा. वरचे घेतो, खालचे सोडतो."

कारकून हसला. तो त्या सामन्याला होता. सगळे गाव त्या सामन्याला होते. पंचवीस वर्षे स्तामेनला पाव घेताना, दाढी करताना, मयताला खांदा देताना तो गोल ऐकावा लागला होता, आणि आता तो सरकारी कागदावर चढत होता.

"मी स्वतः सांगतो," स्तामेन उठला. कान लाल झाले होते. "मला विचारा. मला भट्टी तोंडपाठ आहे."

वकिलाला तेच हवे होते. "सकाळी भट्टी लावताना सुरुवात कशी करायची?"

स्तामेनने डोळे मिटले. त्याला त्सोंकाचा आवाज आठवला, तिचे हात आठवले, अंगणातली उभी नळी आठवली.

"आधी देठ काढायचे नाहीत," तो ठामपणे म्हणाला. "देठ असला की धरायला बरं पडतं."

"कशाचे देठ?"

"म्हणजे... वाळू! वाळू ठोकायची. मग लाकडं. मग कोक."

"बरोबर," वकील म्हणाला. त्याच्याजवळ पुस्तक होते. "आणि माल तयार झाला हे कसं ओळखायचं?"

"साल काळी पडून सुटायला लागली की."

मागच्या बाकावर त्सोंकाने तोंडावर हात घेतला. न्यायाधीश बाईंनाही घरी मिरच्या भाजायच्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"शेवटचा प्रश्न," वकील म्हणाला. "समजा, भट्टीच्या तळाचं बूच निसटलं. लोखंड जमिनीवर वाहतंय. तुम्ही काय कराल?"

हे त्सोंकाने शिकवले होते. पण नेमके त्या धड्याच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने अंगणात रेडिओवर सामना लावला होता. स्तामेनने जी गोष्ट कोणताही समंजस माणूस आग पाहून करेल, तीच सांगितली.

"पाणी मारेन."

"पाणी?" त्सोंका ताडकन उभी राहिली. "अरे गाढवा, पाणी? वितळलेल्या लोखंडावर पाणी? छप्पर उडेल छप्पर! सगळे मरतील! दोब्री आजोबा मरतील, मी वर केबिनमध्ये जिवंत भाजेन! कोरडी वाळू टाकायची, वाळूचा बांध घालायचा, पंखा बंद करायचा आणि मातीचा गोळा बाजूनं, समोरून नाही, बाजूनं नेऊन दाबायचा! तीन आठवडे घसा फोडला मी!"

"बाई, खाली बसा," न्यायाधीश म्हणाल्या.

"बसते. पण पाणी नको म्हणावं त्याला."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

खोलीत पहिल्यांदाच कुणी तिला काही विचारले होते.

"एकोणसत्तर ते अठ्ठ्याऐंशी, क्रेन," ती म्हणाली. "भट्टीच्या वर. बहात्तर साली बूच निसटलं होतं. आठ टन लोखंड. मी वरून वाळूची बादली आणून ओतली म्हणून आजोबा आज इथं दह्याचं रडतायत."

दोब्री आजोबांना ऐकू आले नव्हते. पण त्यांनी तिचा उजवा हात पाहिला. तिच्याही नकळत तो हवेत क्रेनची दांडी ओढत होता. ते उठून उभे राहिले.

"ही!" ते ओरडले. "ही होती भट्टीवर! एकोणीस वर्षं माझ्या डोक्यावर! हिला नुसती शिंक आली असती तर मी मेलो असतो. कुणी विचारतच नाही मला हिच्याबद्दल. सगळे आपले त्या गोलकीपरबद्दल विचारतायत!"

वकिलाने पुस्तक मिटले. बाईंनी विचारले, वहीत काय लिहिलंय तुमच्या? त्सोंकाने सांगितले. कोठारातील मदतनीस. बाईंनी पेन खाली ठेवले.

"दुसरा काही कागद?"

क्रेन चालवणाऱ्यांना परवान्याची पुस्तिका असायची, दरवर्षी तपासणीचा शिक्का मारलेली. त्सोंकाची पुस्तिका शिवणाच्या डब्यात, सुयांच्या पुड्याखाली होती. एकोणीस शिक्के, एकही ओला नाही.

"मग तुम्ही आजवर अर्ज का नाही केलात?"

"मला कोण विचारणार, बाई? पहिला वर्ग संघाचा होता."

बाईंनी स्तामेनचा अर्ज फेटाळला. साक्षीदार क्रमांक एकला चेंडू आठवतात, भट्टी आठवत नाही, असे त्यांनी निकालात लिहिले आणि वल्चोला तुरुंगाऐवजी घरी पाठवले. मग कारकुनाकडून एक कोरा अर्ज मागवून त्यांनी तो त्सोंकासमोर सरकवला. "इथं तुमचं नाव. चष्मा आहे का? नसेल तर माझा घ्या."

तिची सुनावणी अकरा मिनिटांत संपली. साक्षीदार तेच दोघे होते. या खेपेला वल्चो बिनधास्त बोलला, दही न्यायला येताना त्याने तिला रोज क्रेनवर पाहिले होते. खरे बोलायला पाठांतर लागत नाही हे त्याला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळले. पेन्शन अर्जाच्या तारखेपासून सुरू झाली. कायद्याप्रमाणे ती सहा वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती. त्या सहा वर्षांच्या बाह्या ग्रीकाने विकल्या आणि सहा वर्षांची पेन्शन सरकारने वाचवली. यालाच टायवाले सुधारणा म्हणतात.

त्सोंकाने ग्रीकाच्या तोंडावर कात्री टाकली नाही. कात्री चांगली होती, ती घरी घेऊन आली.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा अख्खी इमारत अंगणात उतरली. त्सोंका मात्र उतरली नाही. ती पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून, नवा चष्मा लावून, कॉफी घेत बसली होती. एकोणीस वर्षे तिने खालच्यांच्या हातवाऱ्यांवर क्रेन चालवली होती, आता हातवारे ती करत होती. तळवा खाली, म्हणजे सोड. मूठ बंद, म्हणजे थांब. खाली स्तामेन घामाने निथळत, चिमटा घेऊन, नळीसमोर उभा होता. सकाळपासून वीस किलो झाल्या होत्या. अजून चाळीस किलो पोत्यात होत्या.

वल्चो आणि दोब्री आजोबा बाकावर बसून पाहत होते. आजोबांच्या हातात दह्याचा मोठा वाडगा होता. त्सोंका त्यांना आठवड्यातून दोनदा पाठवायची, हिशेब चुकता होईपर्यंत.

"स्तामेन," वल्चो म्हणाला, "आता कर अर्ज. आता मी शपथेवर सांगतो. माणूस भट्टीवर उभा होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

स्तामेनने आशेने वर बाल्कनीकडे पाहिले. तेवढ्यात चिमट्यातली मिरची निसटली, फरशीवर पडली आणि सरपटत त्याच्या दोन पायांमधून गटारात गेली.

आजोबांनी दह्याचा चमचा तोंडातून काढला.

"खालचे सोडतो अजून," ते म्हणाले.